गाठीचे कान

"सर, हे पुढच्या रांगेतले आजोबा गरोदर आहेत का?"

हा प्रश्न मैत्रिणींनी मला पैज लावून विचारायला लावला. विचारलास तर वर्षभर तुझी प्रयोगवही आम्ही लिहू, नाही विचारलास तर आमच्या सगळ्यांच्या तू लिहायच्या. मी विचारला. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, उरलेले लोक भिंतीला टेकून. आणि समोर व्यासपीठावर अणुसर.

अणुसर हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. त्यातल्या एकानेही त्यांना लिहिताना कुणी पाहिलेलं नाही. "रोग म्हणजे काय?" ते माइकवर फुंकर मारून विचारत. "रोग म्हणजे अणूचा रुसवा. अणू रुसला की पॉझिटिव्ह, अणू हसला की निगेटिव्ह. मी काही करत नाही. मी फक्त अणूला हसवतो." लोक माना डोलवत. सात रविवार यायचं, पितळी तबकडीवर तळहात ठेवायचा आणि आठव्या रविवारी लघवीची बाटली द्यायची. मदतनीस बाई तीत एक पांढरी पट्टी बुडवायच्या, पट्टीवर तांबडी रेघ उमटायची आणि सर जाहीर करायचे, "एक रेघ. निगेटिव्ह." की टाळ्या. मणका, साखर, थायरॉइड, सगळे निगेटिव्ह. आजवर एकही जण नापास झाला नव्हता आणि हे कुणाला खटकलंही नव्हतं.

मलासुद्धा नाही. आज त्या पुढच्या रांगेत, बऱ्या झालेल्यांच्या सत्काराला, माझी मावशीही बसली होती. तिला तिथवर मीच आणलं होतं.

मावशी आमच्याकडेच राहते, शाळांचे गणवेश शिवते. काही महिन्यांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, फाइल घरी आली. डॉक्टर बोलत होते तेव्हा भीतीपोटी तिच्या कानांत अर्धंच शिरलं होतं: रोज एक गोळी, पाच वर्षं. उरलेलं तिने मला विचारलं, कारण घरात इंग्रजी फाडफाड वाचणारी मी. त्याच आठवड्यात मी वक्तृत्वात पहिली आले होते. मला वाचता येणार नाही असा कागद जगात छापलाच जात नाही, अशी माझी समजूत होती.

मी फाइल उघडली. ईआर पॉझिटिव्ह. पीआर पॉझिटिव्ह. तिसऱ्या ओळीत कसलंसं निगेटिव्ह. आणि दोन ठिकाणी 'न्यूक्लिअर'.

"मावशी, तीनपैकी दोन विषयांत उडालीस," मी म्हटलं. "दोन पॉझिटिव्ह आहेत. म्हणजे रोग अजून आहेच, आणि तोही न्यूक्लिअर. अणुबॉम्बवाला."

मावशी एरवी माझ्या फुसक्या विनोदांनाही हसते. त्या दिवशी ती मशीनपाशी जाऊन सुईत दोरा ओवत बसली आणि चार वेळा तिचा दोरा चुकला. ते मी पाहिलं. पाहून मी काय करावं? दुसऱ्या दिवशी अणुसरांचं पत्रक घेऊन आले: 'पॉझिटिव्हचे निगेटिव्ह करून मिळेल.' जसं काही डाग काढून देणार होते.

सरांनी रिपोर्टवरून बोट फिरवलं आणि नेमकं 'न्यूक्लिअर'वर थांबवलं. "बघा. दवाखान्यानेच कबूल केलंय. अणू. इथे गोळीचं काही चालत नाही, उलट गोळीने अणू बिथरतो."

त्या दिवसापासून मावशीने गोळी बंद केली.

आठव्या रविवारी तिची एक रेघ आली. पट्टी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिला मिळाली, प्रमाणपत्र म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ती मिरवायला शाळेत नेली. वर्गात एकीच्या आईचं औषधांचं दुकान आहे, तिला आम्ही दुकानवालीच म्हणतो. तिने पाकीट उजेडाकडे धरलं.

"ही तर आमच्याकडे मिळते."

"कॅन्सरची?"

"कॅन्सरची कसली डोंबलाची. दिवस गेलेत का बघायची. दोन रेघा आल्या तर बाळ, एक आली तर नाही."

"अगं, मावशी त्रेपन्न वर्षांची आहे."

"मग एकच येणार ना, माठ."

तिने दुकानातून डबाभर पट्ट्या आणल्या. प्रयोगशाळेत आम्ही एक नळाच्या पाण्यात बुडवली. एक रेघ. नळालाही दिवस गेलेले नव्हते. आम्ही हसून हसून बाकावर आडव्या झालो आणि तिथेच पैज लागली.

तर, मी प्रश्न विचारला.

"बाळ, विज्ञान आहे हे," अणुसर म्हणाले. "तुझ्या वयाला झेपायचं नाही."

"मग हे झेपतंय का बघते," म्हणून मी व्यासपीठावर चढले. दुकानाचा डबा उघडला, नवी पट्टी काढली आणि त्यांच्याच पिण्याच्या ग्लासात बुडवली. दुकानवालीने खालून डब्यावरची सूचना मोठ्याने वाचली. एक रेघ उमटली.

"सर, तुमचं पाणीही निगेटिव्ह आलं. त्याला कुठला रोग होता?"

पहिले हसले ते पुढचे आजोबाच. मग सगळा हॉल. सर म्हणत होते की या खेपेला कंपनीने पट्ट्या बदलून पाठवल्या, पण ऐकतंय कोण. मी व्यासपीठावरून खाली पाहिलं. दीडशे माणसांत एकच माणूस हसत नव्हतं. मावशी पाकीट पर्समध्ये ठेवत होती, हळूच, कुणाला दिसू नये असं.

जिन्यात ती म्हणाली, "म्हणजे मी अजून पॉझिटिव्हच."

दुसऱ्या दिवशी आई, मावशी आणि मी दवाखान्यात गेलो. आईने गोळी बंद असल्याचं सांगितलं, तशी सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी फाइल चाळली.

"गोळी का बंद केलीत?"

"रिपोर्ट पॉझिटिव्ह होता ना," मावशी म्हणाली. "म्हटलं, आता गोळीने काय होणार."

बाईंनी चष्मा काढला. "हा पॉझिटिव्ह रोगाचा नाही हो. गाठ तर आम्ही आधीच काढली होती. त्या गाठीच्या पेशींना कान आहेत का, एवढंच इथे पाहिलंय. अंगातले हार्मोन 'वाढा' म्हणतात, ते ऐकणारे कान. त्यांना रिसेप्टर म्हणायचं. ते पेशीच्या केंद्रकात असतात, न्यूक्लियसमध्ये, म्हणून न्यूक्लिअर. बॉम्बबिम्ब काही नाही."

"आणि गोळी?"

"गोळी म्हणजे कानातला बोळा. चुकून एखादी पेशी मागे राहिली असेल, तर तिला 'वाढा' ऐकूच येत नाही. गाठ बहिरी असती, म्हणजे इथे निगेटिव्ह असतं, तर ही गोळी वाया गेली असती. आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज यावरून बांधतात. हमी नसते, अंदाज असतो. आणि तुमचा अंदाज चांगला आहे. या अख्ख्या कागदावरची सगळ्यात बरी बातमी हीच होती."

माझी मान खाली गेली. फरशीच्या फटी मोजत राहिले.

"पण पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही," ती म्हणाली. "माझं मलाच वाटलं."

दीडशे लोकांसमोर तोंड उघडणारी मी, तीन बायकांसमोर ते मला उघडता आलं नाही.

"नऊ आठवडे गोळी नव्हती," आईने विचारलं. "नुकसान किती झालं?"

"ते आज नाही सांगता येणार. आजपासून सुरू करा, महिन्याने तपासू."

घरी आलो तर बाबा फोनवर तिसऱ्या नातेवाइकाला माझा पराक्रम ऐकवत होते. "ग्लासात बुडवली हो पट्टी, त्याच्याच ग्लासात." आई सांगायला लागली की हॉलखालच्या फर्निचरवाल्याने कळवलंय, रविवारी शिबिर आहेच, नव्या पट्ट्या येणार आहेत म्हणे. "लोकांना अक्कल कधी येणार," ती म्हणाली. मावशीने पाण्याबरोबर गोळी घेतली आणि मशीन सुरू केलं. मला ते सगळं ऐकवेना. अणुसरांनी मावशीला फसवलं खरं, पण घाबरवलं मी. घाबरलेलं माणूस त्यांना आयतं मिळालं होतं.

"बाबा, फोन ठेवा," मी म्हटलं. "आई, तूही बस."

"गप गं," मावशी मशीनवरून म्हणाली. तिला कळलं होतं.

"नाही गप बसणार. तो रिपोर्ट मी वाचला होता. मावशीला काही वाटलं नव्हतं, मी तिला सांगितलं होतं, ठासून सांगितलं होतं, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. अणुसरांचं पत्रकही मीच आणलं. रविवारी मी त्या हॉलच्या जिन्यापाशी उभी राहणार आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी माझी चूक सांगणार, पट्टीचं नंतर. आणि विचारणार की तुमच्या कागदावर जे पॉझिटिव्ह आहे, ते नेमकं काय पॉझिटिव्ह आहे, हे तुम्ही डॉक्टरांना विचारलंत का? नसेल विचारलं तर आधी तिकडे जा. कुणी म्हणालं, तू कोण गं शहाणी, तर सांगणार, जिला वाचता येत होतं आणि विचारायची लाज वाटत होती, ती."