डीकनचं खरं वजन

“नडीनबाई, तुमचा काटा बिघडलाय की डोळे?” वैमानिक ऑरिनने विचारलं.

आमचा म्हातारा कुत्रा डीकन धावपट्टीच्या कडेला काट्यावर शहाण्यासारखा बसला होता. काटा एकाहत्तर पौंड दाखवत होता. कागदावर मी अठ्ठेचाळीस लिहिले होते.

अलाबामातल्या या सरकारी कुत्राघरात मी बावीस वर्षं पिंजरे धुतेय, कागद भरतेय. पन्नासच्या वरचा कुत्रा विमानाच्या यादीत मागे पडतो, हे मला पाठ झालंय. डीकन नऊ वर्षांचा, तोंड पांढरं झालेलं. सोमवारी त्याला शेवटची सुई द्यायचं ठरलं होतं, म्हणून मी थाप मारली.

“अगं, या उन्हात जड विमान लवकर वर चढत नाही. पुढे झाडं आहेत,” ऑरिन म्हणाला. “माझं मढं फांद्यांतून काढायला तू येणार होतीस?”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस दर शनिवारी पदरचं इंधन जाळून आमची कुत्री ओहायोतल्या नव्या घरी पोचवतो, आणि मी त्याच्याच जिवाशी खेळले होते.

“विमानातल्या पिल्लांना न्यायला तिकडे लोक निघालेत. इंधन कमी करता येत नाही. यालाच ठेवावं लागेल.”

विमानात उजव्या सीटवर ड्यूई पट्टा बांधून बसला होता. ऑरिनचा जुना दोस्त, सत्तरी ओलांडलेला विमानांचा मेकॅनिक. एरवी तो नुसता सोबतीला जायचा. आज मात्र इस्त्रीचा शर्ट होता. त्याची मुलगी ट्रेसा सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. तिला बाळ झालं आणि तिने निरोप धाडला, ओहायोच्या विमानतळावर येते, नातीला बघून जा.

ड्यूईने पट्टा सोडला. “मी उतरतो.”

“गप बस रे. ती म्हणेल, बाप याही वेळी आला नाही.”

“म्हणेल. तिचा हक्कच आहे तो. मला पुढचा शनिवार आहे. याला आहे का?”

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी सुई आहे,” मी म्हणाले. ड्यूईने बाळासाठी आणलेली दुलई सीटमागे ठेवली आणि डीकनला स्वतः वर चढवलं.

विमान झाडांवरून सुखरूप गेलं. मग ड्यूईने ट्रेसाला तीनदा फोन लावला. तिने उचलला नाही. दिवसभर तो माझ्या गाडीच्या सावलीत बसून राहिला. घरी सोडते म्हटलं तर ऐकेना.

संध्याकाळी ऑरिन परतला. आल्या आल्या त्याने फोनमधला फोटो दाखवला. ट्रेसाच्या कडेवर दुलईत गुंडाळलेलं बाळ होतं, आणि तिचा दुसरा हात डीकनच्या डोक्यावर होता. ती हसत मात्र नव्हती.

“काय म्हणाली?” ड्यूईने विचारलं.

“तू का उतरलास ते सांगितलं. मग तिने फोटो काढू दिला.”

ड्यूईने फोटो मोठा करून बाळ पाहिलं.

“वजन किती असेल रे नातीचं?”

“मी कुठे उचलली?”

मग ड्यूईने माझ्याकडे पाहिलं. फोटोवरूनही, पौंडभर इकडेतिकडे धरून, मला अंदाज सांगता आला असता. पण त्या खोट्या अठ्ठेचाळीसनंतर माझ्या तोंडून आकडा निघेना.

त्याने दोन्ही तळवे जोडून पुढे धरले, जरासे खालीवर केले.

“अकरा पौंड तरी असेल,” तो म्हणाला.