विहीणबाईंच्या बोटीचं ऑइल

धक्क्याच्या तोंडाशी माझं ऑइलचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकांना फैलावर घेणं हा माझा आवडता उद्योग. कुणी येऊन "जरा भारीतलं द्या" म्हणालं की माझं डोकं फिरतं. भारीतलं म्हणजे काय? इंजिन कुठलं, किती जुनं, दिवसाला किती तास चालतं, पुस्तकात काय लिहिलंय, एवढं विचारल्याशिवाय मी फळीला हात लावत नाही. पाठीमागे लोक मला 'मास्तर' म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

असा मी, आणि मीच माती खाल्ली.

झालं असं, की माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, पहिल्यांदाच दुकानात आल्या. त्यांची स्वतःची छोटी बोट आहे. इकडची माणसं पलीकडच्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हे काम त्या पंधरा वर्षं करतायत. सुकाणू स्वतः धरतात. बोलतात मोजकं, आणि मोजकं बोलणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. लेकीला आई नाही. मीच तिला वाढवली, मीच सासरी पाठवली, आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. तिथे तिला कसं वागवतात, हे सरळ विचारायची सोय नव्हती. फोनवर ती "मी मजेत" म्हणायची, पण मजेत नसलेल्या मुलीही तेच म्हणतात.

"बोटीला ऑइल हवं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांचं इंजिन मला पाठ होतं. एका सिलिंडरचं जुनं डिझेल, स्वभावाने संथ. त्याच्या पुस्तकात साधं तीस नंबरचं ऑइल सांगितलंय, आणि ते समोरच्याच फळीवर होतं, तेलकट पत्र्याच्या डब्यात. पण लेकीच्या सासूला, तेही पहिल्याच खेपेला, तो कळकट डबा देऊ? उद्या घरी जाऊन म्हणतील, बघ तुझ्या बापाने काय दिलंय. माझा हात आपोआप वरच्या फळीवर गेला. तिथे लांब पल्ल्याच्या ट्रकांसाठीचं ऑइल होतं, सोनेरी कॅनमधलं.

"हे न्या. आमच्याकडचं सगळ्यात उत्तम."

पुढच्या दोन खेपांनाही तेच दिलं. कॅन पुसून दिला.

यात बिघडलं काय, ते सांगतो. ते उत्तम ऑइल तापून राबणाऱ्या मोठ्या इंजिनांसाठी असतं. विहीणबाईंचं इंजिन अर्धा दिवस धक्क्याला लागून नुसतं गुरगुरत बसतं, माणसं चढेपर्यंत. अशा आळशी इंजिनाला इतकं तलम ऑइल पाजलं की सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत होतो. मग पिस्टनच्या रिंगांना पकड मिळत नाही, ऑइल वर चढतं, जळतं आणि निळा धूर निघतो. हे मी शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल.

वर्ष सरता सरता एका सकाळी दुकानाच्या दारातून मला तो निळा धूर दिसला. धुरात बोट होती आणि बोटीत विहीणबाई खोकत होत्या. आठ दिवसांवर बोटींची सरकारी तपासणी होती. एवढा धूर ओकणारी बोट त्यात नापास होणार, विहीणबाईंचं काम बंद पडणार, आणि त्याचा राग निघणार कुणावर? माझ्या पोरीवर. रात्रभर मी छताकडे बघत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोन कळकट डबे घेऊन बोटीवर गेलो.

"सहज आलो होतो," मी म्हणालो.

विहीणबाईंनी डब्यांकडे पाहिलं. "या ना. तुमचं ऑइल फार छान आहे हं," त्या म्हणाल्या आणि खोकल्या.

"थोडा धूर दिसतोय."

"छे! धूर असतोच."

हे असंच चालू राहिलं असतं तर इंजिनाने आमच्या सभ्यपणापायी जीव सोडला असता. मी जुनं ऑइल काढलं, साधं भरलं, बोट दोन जाड दोरांनी धक्क्याला आवळून बांधली, गिअर टाकला आणि रेस पूर्ण दिली. सिलिंडर पुन्हा जरा खरखरीत व्हायचा तर इंजिनाला घाम फुटेपर्यंत राबवायला लागतं.

"कुठे जायचंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही. चार तास इथेच!"

पाणी मागे उसळत होतं, दोर करकरत होते, आणि आम्ही दोघं जागच्या जागी सुसाट निघालो होतो. आवाज असा की शेजारी बसूनही बोंब मारावी लागे. आणि बोंब मारताना माणसाला गोडगोड बोलता येत नाही.

"ते सोनेरी ऑइल चुकीचं होतं का?" त्या ओरडल्या.

"हो!"

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो!"

"मग दिलंत कशाला?"

"तुम्हाला साधं कसं देणार?"

"अहो, मला साधंच लागतं!"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? धूर खात बसलात ते!"

"व्याह्यांनी दिलेलं ओतून कसं टाकू?"

चौथ्या तासाला धूर विरळ झाला. (बोट तपासणीत पास झाली, ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव अडकायला नको.) माझा मात्र अजून अडकलेला होता. एवढं ओरडून झालंय तर तेही विचारून टाकावं, म्हणून मी छाती भरून घेतली. नेमकं त्याच क्षणी विहीणबाईंनी इंजिन बंद केलं.

"माझी पोर तुमच्याकडे सुखात आहे ना?"

सगळ्या धक्क्याने ऐकलं. तिकीटवाला खिडकीतून बाहेर डोकावला. मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

विहीणबाईंनी सावकाश हात पुसले. "सुखात? वीस दिवस झाले, बोलत नाहीये ती माझ्याशी."

मी जवळचा दोर घट्ट धरला.

"ऑइल चुकीचं आहे, बाबांना तोंडावर सांगा, म्हणाली. मी म्हटलं, नाही सांगणार, त्यांना वाईट वाटेल. तर मला म्हणते, आई, तुम्ही एक नंबरच्या हट्टी आहात! माझ्या चहात साखर घालायचं बंद केलंय. आणि स्वयंपाकघराचं दार असं आपटलं, असं आपटलं, की बिजागरी निखळली."

"दार आपटलं?"

"आपटलं म्हणजे काय!"

"तुमच्यासमोर?"

"माझ्या नाकावर!"

मी रिकाम्या डब्यावर बसलो. माझ्या घरी ती रोज दारं आपटायची. परक्याच्या घरात दार आपटायची तिची छाती झाली नसती. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना जी धार लागली ती काही केल्या थांबेना.

विहीणबाई घाबरल्या. वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाल्या, "अहो व्याही, रडताय काय असे? बसवलीये मी बिजागरी."