सात नंबरची बेल

मी बेल बोलतेय. दारावरची नव्हे, शाळेतलीही नव्हे. इस्पितळात बायकांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेला वायरने लटकलेली, लाल बटणाची बेल. मला दाबतात इथे आणि मी वाजते तिकडे, सिस्टरांच्या टेबलावर. मग कुणी धावत येतं, कुणी कपाळाला आठ्या घालून येतं.

माझा जन्म कारखान्यातला. खोक्यात घालण्याआधी कुणीतरी मला दहा वेळा दाबून पाहिलं होतं. तेवढं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

इथल्या सिस्टर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. वीस खाटा आणि दोघीजणी. ऑपरेशनच्या पेशंटची बेल वाजली की त्या हातातला घास टाकून पळतात.

मग सात नंबरवर शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. पोटात कळा, दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब, अशक्तपणामुळे हाताला सलाईन. रिपोर्ट मात्र सगळे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "आयबीएस आहे. काहींची आतडी चिडकी असतात." ड्युटी बदलताना थोरल्या सिस्टरांनी धाकटीला सांगितलं, "सातला काही झालेलं नाही गं, टेन्शन घेतात. फार लाड करू नकोस."

इथे एक रीत आहे. जो पेशंट फार बेल वाजवतो, त्याच्या बेलची वायर गुंडाळून खाटेमागच्या हुकाला अडकवायची. कुठे लिहिलेली नाही, पण नवी सिस्टर आठवड्याभरात शिकते.

सलाईन सोडवल्याशिवाय मावशींना संडासला जाता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी मला सहा वेळा दाबलं. सहाव्यांदा थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, रिपोर्ट नॉर्मल आहेत. जरा मन घट्ट करा." आणि मला हुकाला अडकवून गेल्या.

मावशींनी मन घट्ट केलं, पण पोट कुणाचं ऐकतं? भेटायच्या वेळेला थोडा अवकाश असताना कळ आली. त्यांचा हात मागे आला, माझ्यापासून वीतभर कमी पडला. "सिस्टर... अहो सिस्टर..." हाकही अशी हळू, की शेजारणीची झोप मोडू नये. मी नुसती बघत राहिले. दुसऱ्याने दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लेक आणि जावई दारात आले तेव्हा मावशींनी चादर गळ्यापर्यंत ओढली होती. वास काही चादरीने लपत नाही. जावई खाली मान घालून बाहेर गेला.

थोरल्या सिस्टरांनी पडदा लावून सगळं स्वतः साफ केलं. मावशी म्हणाल्या, "माफ करा हं, तुमचं काम वाढवलं."

सिस्टरांचा हात थांबला. त्यांनी मला हुकावरून काढून मावशींच्या मुठीत दिलं. "आता लागलं की दाबा. कितीही वेळा दाबा."

मावशी आणखी दोन दिवस होत्या. कळ आली की मला गच्च धरायच्या, तळहाताला घाम फुटायचा, पण अंगठा बटणावर गेला नाही. जेवणाचं ताट त्या शेजारच्या खाटेवर सरकवायच्या. "मला भूक नाही गं, तूच खा."

मावशी घरी निघाल्या तेव्हा थोरल्या सिस्टरांनी मायेनं विचारलं, "बरं वाटलं ना? दोन दिवसांत एकदाही बेल नाही वाजवलीत."

"हो, बरं आहे," मावशी म्हणाल्या. सिस्टरांनी कागदावर लिहिलं, 'तक्रार नाही.'

आज खाट रिकामी आहे आणि मी उशीवर पडून आहे. सिस्टर, तो कागद एकदा परत काढा हो. मावशी तुमच्या भीतीनं दोन दिवस उपाशी राहिल्या आणि तशाच घरी गेल्या.