कधीच न चुकणारे काका

दिवा गावात माझ्या बहिणीच्या पुतण्याची हळद. मांडवात धवलारीण गातेय, ढोल वाजतोय, आणि सगळे बाप्ये माना घालून मोबाईलमध्ये! शेअरच्या फोरमवर 'अचूक काका' प्रकटले होते. "लेकरांनो, मी बोलत नाही, बाजार माझ्या तोंडून बोलतो." खाली लगेच भक्तांचं लोटांगण: "काका, तुमच्या कृपेने फ्लॅट झाला!" कोण हे भक्त? कुणी पाहिलेत?

माझे भावोजी काळुराम त्यातच रुतलेले. जमीन विकल्याचे निम्मे पैसे त्यांनी काकांनी सुचवलेल्या शेअरमध्ये घातले. आता रोज सकाळी विकायला बसतात, तर घेणाराच नाही. भाव घसरतोय आणि बाहेर पडता येत नाही. त्यात काकांचा नवा हुकूम: उरलेलेही उद्या घाला, मगच कोंडी फुटेल. उरलेले म्हणजे त्यांच्या लेकीच्या, कृतिकाच्या शिक्षणाचे. माझी बहीण शकूताई सकाळपासून रडवेली होती.

"भावोजी, डोकं फिरलंय का?" मी डोंबिवलीत गणित शिकवते, आवाज आपोआप चढतो.

"भावना, तुला नाय कलायचा. काकांचा एक पन अंदाज चुकला नाय. मी सोता बघितलंय."

"बाकीच्यांना विचारलंत?"

"छ्या! भावकीत बोल्लं का लाभ जातो, काकांनी बजावलंय."

आणि खरंच कोणी बोललं नव्हतं. चुलतभावाची गाडी आपल्यापेक्षा मोठी व्हायला नको ना! काकांनी आमची भावकी बरोबर ओळखली होती.

पण बायका बोलतात. टिटवाळ्याचा विनीत, भावोजींचा चुलतभाऊ, तोही काकांच्या मोबाईलवरच्या एका गटात होता, हे त्याच्या बायकोने मला मघाशीच सांगितलेलं. मी त्याला हाताला धरून आणलं. "काकांनी दिवाळीनंतर काय सांगितलेलं? वाच, मोठ्याने."

"सिमेंटचा शेअर पडणार," विनीत चाचरला.

"चल, खोटारडा!" भावोजी उसळले. "मना चढणार सांगितलेला. आनि चढला!"

"माझा चुकला. मग आमचा गटच बंद झाला. मला वाटलं, आपलंच नशीब फुटकं."

आजूबाजूच्या माना आता वर झाल्या.

"कळलं?" मी म्हटलं. "फोरमवरून माणसं उचलायची, वेगवेगळ्या गटांत टाकायची. अर्ध्यांना 'चढणार', अर्ध्यांना 'पडणार'. ज्यांचं चुकलं तो गट बंद, उरलेल्यांवर पुन्हा तोच खेळ. शेवटी जे राहतात, त्यांनी चूक पाहिलेलीच नसते! मग स्वतःकडचा रद्दी शेअर त्यांच्या गळ्यात मारायचा. तुम्हाला घेणारा कसा सापडेल, भावोजी? घेणारे तुम्हीच होतात."

भावोजींनी मोबाईल शकूताईच्या हातात दिला. "कृतिकाच्या पैशांना आता हात लावायचा नाय." मग हळूच म्हणाले, "पन माझे अडकलेले निघतील ना गं?"

त्यांचं तोंड बघून 'हो' म्हणावंसं वाटलं. पण खोटं कसं बोलू?

"माहीत नाही," मी म्हटलं. "'नक्की निघतील' म्हणणारा फोरमवर उद्याच भेटेल. त्याला एवढंच विचारा, तुझे चुकलेले अंदाज कुठे आहेत? ते दाखवत नाही तोवर त्याच्या शब्दावर एक पैसाही लावू नका."