एक गेरूचा, एक चुन्याचा

गाव स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ झालं की आता माणसंच तेवढी घाण दिसू लागली. देवळीपासून नऊ किलोमीटरवरच्या या गावाला स्वच्छतेच्या स्पर्धेत पहिला नंबर हवा होता आणि तपासणी समिती मंगळवारी येणार होती. त्यामुळे साठ वर्षांत झालं नाही ते पंधरा दिवसांत झालं. नाल्या उपसल्या, उकिरडे हलले. मोकाट कुत्री ट्रॉलीत भरून शेजारच्या गावात सोडली. त्या गावानं दुसऱ्या दिवशी ती परत आणून दिली, वर स्वतःची चार घालून. स्पर्धेत तेही गाव होतं.

सरपंच वच्छलाबाई, म्हणजे कागदावर. खुर्चीत बसायचे त्यांचे यजमान रूपराव. सहीपुरतं बाईंना बोलावणं जायचं, मग त्या फोडणी टाकून, हात पुसत यायच्या. रूपरावांचं डोकं फार चालायचं. नाल्याच्या काठची अर्धा एकर जागा पडीक आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तिथं बालोद्यान काढायचं ठरलं.

जागा पडीक नव्हती. तिथं गावाची लेकरं होती. लहान लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मातीत देतात, आणि या गावात ती माती नाल्याच्या काठची. वर एक दगड ठेवायचा, जनावरानं उकरू नये म्हणून. नाव नाही, तारीख नाही. ज्यानं पुरलं त्यालाच ठाऊक. पुरायला जातात बाप, काका, मामा. आईनं जायचं नसतं. पोटात नऊ महिने वागवायचं तिनं, दूध पाजायचं तिनं, ताप आला की जागायचं तिनं. शेवटच्या दोनशे पावलांना मात्र तिला मनाई. हे कोणी ठरवलं म्हणून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

तेव्हा बालोद्यानाला जागा अगदी योग्य निवडली होती. बालकं आधीपासूनच हजर होती.

हर्षाची ईश्वरी तिथंच होती. अडीच वर्षांची. मागच्या भाद्रपदात ताप आला, चार दिवस राहिला आणि तिला घेऊनच गेला. समजूत घालायला सगळं गाव आलं. त्या कामात कोणत्याही स्पर्धेशिवाय गावाचा पहिला नंबर आहे. "आतं वय काय तुहं, दुसरं होईन," एकीनं म्हटलं, जशी काही घरातली बादली फुटली होती. "पोरगीच होती ना," दुसरी म्हणाली आणि चहा पिऊन गेली. साखर कमी आहे, हेही सांगून गेली.

ईश्वरी गोल होती. तिचा बाप, अंकुश, तिला 'ढेमसं' म्हणायचा. न्हाणीतल्या दगडावर आंघोळीला बसवली की उठायचं नाव नाही. पाणी संपलं तरी रिकामा गडवा डोक्यावर उलटा करून "अजून" म्हणायची. तो दगड काळा, चपटा, एक कोपरा उडालेला. तिला नेलं त्या दिवशी अंकुशनं तोच दगड उचलून सोबत नेला. न्हाणीत त्याच्या जागी खड्डा राहिला. हर्षा त्यावर पाय देत नव्हती आणि तो बुजवूही देत नव्हती.

अंकुश ग्रामपंचायतीत शिपाई. सकाळी नळाचं पाणी सोडायचं, मग दिवसभर रूपराव सांगतील ते. पाणी सोडून घरी आला की हर्षा विचारायची, "दगड हाय ना?"

"हाय."

"हलला तं नाई?"

"नाई हलत."

वर्षभर दोघांचा संसार या चार वाक्यांवर चालला होता.

मंगळवारी सकाळी बचत गटाच्या बायकांना पंचायतीपुढं रांगोळी काढायला बोलावलं होतं. महिलांच्या सहभागाला वेगळे गुण होते. फाटकापासून झेंड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी रंगवलेले दगड मांडले होते. एक गेरूचा, एक चुन्याचा, एक गेरूचा, एक चुन्याचा. सरकारी सौंदर्य याच्या पुढं जात नाही. उद्यानाची जागा सपाट करताना निघालेले हे दगड ट्रॉलीत भरून आणले होते. फुकटचा माल म्हणून रूपराव खूश होते.

हर्षा रांगोळी टाकत टाकत सरकत होती. डावीकडच्या सातव्या दगडापाशी टेकायला म्हणून तिनं हात ठेवला. बोटं आपोआप उडालेल्या कोपऱ्यात गेली. तिनं तो कोपरा पुन्हा चाचपून पाहिला. मग हाक मारली.

"अवो, इकडं या."

अंकुश बॅनर बांधत होता. "काम करून राह्यलो ना."

"या म्हनलं."

तो आला. तिनं दगडाकडं बोट केलं. "ह्याले गेरू कोनं लावला?"

"मी."

"वळखला नाई?"

अंकुशनं बॅनरची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "वळखला," तो म्हणाला. "सहा झाले, आन् हा हातात आला."

"मंग?"

"रूपरावभाऊ मांगं उभे होते. म्हने, हात चालव. चालवला."

"आन् काल मी इचारलं तवा? हाय म्हनलं तुमी."

"काय सांगनार होतो तुले?"

हर्षानं गेरूसकट दगड उचलला आणि डोक्यावर घेतला. घामात गेरू उतरून तोंडावर लाल ओघळ आला. तेवढ्यात रूपराव धावत आले.

"ए बाई! लाईन बिघडते ना! सातवा काऊन काढला? दोन चुन्याचे लागोलाग आले!"

"माह्या पोरीवरचा हाय हा, भाऊ."

"समिती गेली की नेजो ना वापस! कोन खाऊन राह्यलं तुहा दगड?"

"वापस कोठं ठेवू? जागा दाखवा."

रूपरावांनी घड्याळ बघितलं. अशा वेळी घड्याळ फार उपयोगी पडतं. त्यांच्या मागं वच्छलाबाई नव्या साडीत, नारळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचंही एक लेकरू नाल्याच्या काठी गेलं होतं. गावाला माहीत होतं. रूपरावांनाही माहीत असायला हवं होतं.

"अंकुश," वच्छलाबाई म्हणाल्या, "घेऊन जा तिले. दाखव."

सरपंच म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिलेला हा पहिला आदेश.

नाल्याच्या काठी बाभळी राहिल्या नव्हत्या, बांध नव्हता. जमीन पोळपाटासारखी सपाट. अंकुश विजेच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि पावलं मोजू लागला. "खांबापासून सतरा. मंग डाव्या हाताले चार. बाभूळ कोनी तोडलीच तं, म्हून मोजून ठेवलं होतं." सतरा झाली. तो डावीकडं वळला. एक, दोन, तीन. चौथं पाऊल पडलं नाही, गुडघा पत्र्यावर आपटला. लाल-पिवळी घसरगुंडी, चारही पाय सिमेंटात बोल्टनं आवळलेले. बाजूला पाटी: हसतं खेळतं बालपण.

एवढ्यात समिती आलीच. बिघडलेली लाईन दिसू नये म्हणून रूपरावांनी गाडी फाटकावरूनच इकडं वळवली होती. मागून वच्छलाबाई ताटासकट आल्या. समितीचे साहेब गॉगल काढून म्हणाले, "वा. लोकसहभाग चांगला दिसतो. बाईंच्या डोक्यावर काय आहे?"

"पायरी, साहेब," रूपराव म्हणाले. "घसरगुंडीची. स्थानिक साहित्य वापरून राह्यलो."

साहेबांच्या सोबतच्यानं 'स्थानिक साहित्य' लिहून घेतलं.

"पायरी नाई, साहेब," हर्षा म्हणाली. "ह्या घसरगुंडीखाली माही पोरगी हाय. आजूबाजूले अजून लय हायत. तुमी उभे हा, तिथं बी असन एखादं."

साहेबांनी बुटाकडं पाहिलं आणि एक पाय उचलला. मग अडचण अशी झाली की तो ठेवायचा कुठं.

अंकुश तोवर नळाच्या सामानाच्या थैलीतून पाना काढून घसरगुंडीच्या पायाशी बसला होता. पहिला बोल्ट नवा होता, सहज फिरला.

"अंकुश! नोकरी गेली समज!"

"समजलो, भाऊ," अंकुश म्हणाला आणि दुसऱ्याला पाना लावला.

सोळा बोल्ट होते. समिती सहाव्यापर्यंत थांबली, मग गाडीत जाऊन बसली. गुण किती कापले ते कळलं नाही. हर्षा दगड कडेवर घेऊन उभी होती. मानेला रग लागली म्हणून केव्हातरी तिनं तो खाली घेतला होता. सोळावा निघाला तेव्हा वच्छलाबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि घसरगुंडीचं एक टोक धरलं.

"धरा तिकडून," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अवो, लोक पाह्यतेत."

"पाहू द्या. आपल्याची जागा मी पंचवीस वर्सं इचारून राह्यली तुमाले. ते नाई आठवत, तं हे तरी धरा."

रूपरावांनी धरलं. घसरगुंडी बाजूला झाली. अंकुशनं चौथं पाऊल टाकलं, थांबला आणि दोन्ही हातांनी माती सारखी केली. हर्षा वाकली, दगड टेकवू लागली.

"तिकडं नाई," अंकुश म्हणाला. "थोडा इकडं घे. डोकं ह्या बाजूले हाय."