मालकाच्या कोटाचं बटण

आज मालिकेत एक मजूर मरणार होता. कारखान्याचा कठडा तुटून तो दोन पुरुष उंचीवरून कोसळणार, आणि आजवर कुणासाठी न विरघळलेला मालक त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणणार, की माणसाच्या जिवाचं मोल कुणाला करता आलंय. हे वाक्य ऐकून खुद्द निर्मात्याने डोळे पुसले म्हणे. मग त्याच ओल्या डोळ्यांनी त्याने खर्चाचा कागद पाहिला आणि नव्या गाद्यांवर काट मारली.

मरणारा मजूर म्हणजे कपडेपट सांभाळणाऱ्या ताईचा सख्खा धाकटा भाऊ. बड्या नटांच्या बदली पडणं हा त्याचा धंदा. आज बढती मिळून तो स्वतःच्या चेहऱ्यानिशी पडणार होता. खाली सहा जाड गाद्या लागायच्या. होत्या दोन. उरलेल्या चार शेजारच्या सेटवर मालकाच्या पलंगात गेल्या होत्या, कारण श्रीमंताचा पलंग उंच दिसायला हवा.

ताई व्यवस्थापकाकडे गेली. तो म्हणाला, पलंगावर दिवे लावून झालेत, आता हलवला तर तासभर वाया. आणि दोन गाद्या काय कमी आहेत, त्याला पडायचंय की झोपायचंय? भावानेही तिलाच गप्प केलं. फार नखरे केले की पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात, हे त्याला ठाऊक होतं. मागच्या पडण्यातली बरगडी अजून जुळलेली नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती कपडेपटात परतली. मालकाचा काळा कोट उचलला, मधल्या एका पितळी बटणाचा दोरा दातांनी तोडला आणि बटण मुठीत दाबलं.

पाच मिनिटांत हाहाकार उडाला. कालच्या भागात कोटाला चार बटणं होती. आज तीन दिसली तर प्रेक्षक सोडतात होय? तसलं बटण बाजारातही मिळत नव्हतं. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"सकाळी पलंगापाशी कोट घालून बघितला होता मालकांनी," ताई खाली मान घालून म्हणाली. "तिथेच गेलं असेल. आत, फटीबिटीत."

माणसासाठी जो पलंग तसूभर हलत नव्हता, तो बटणासाठी पार मोकळा झाला. चादरी निघाल्या, गाद्या निघाल्या, दिग्दर्शक स्वतः बॅटरी घेऊन पोटावर सरपटला. गाद्या पायदळी नकोत म्हणून ताईने त्या सेटवरच्या दोघा गड्यांकडून कठड्याखाली नीट रचून घेतल्या. तात्पुरत्या. मग वाकून तिने बटण 'शोधून' काढलं. टाळ्या पडल्या. व्यवस्थापक म्हणाला, ताई, जीव वाचवलात.

उशीर एवढा झाला होता की गाद्या परत न्यायचं कुणाला सुचलं नाही. कठडा तुटला. भाऊ कोसळला. मालकाने ते वाक्य म्हटलं आणि सगळा सेट मुसमुसला. ताईही रडली, पण वाक्य सुरू व्हायच्या आधीच.

मेलेला भाऊ उठून आला तो फुरंगटूनच.

"काय गं ताई, एक बटण सांभाळता येत नाही तुला? चारला दुसरीकडे पडायचं होतं मला. गेलं ना ते काम."

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरची, पाठीवरची, दंडावरची धूळ झटकू लागली. हात थांबेचना.

"अगं, झटकतेस काय? सकाळी तूच लावलीस ना ती धूळ. परत पडायला सांगितलं तर?"