निम्मा खडा

रिटायर हवालदार नाथाजीने पहाटे गोठ्यातल्या म्हशीला कडक सॅल्यूट ठोकला आणि “साब, सगळी हजर हायती” असा रिपोर्टही दिला, तेव्हा त्याच्या बायकोचा, बनुबाईचा धीर सुटला. म्हैस निवांत रवंथ करत राहिली. बनुबाईने नवऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, तसा जरा वेळाने गडी भानावर आला आणि वर चहाला उशीर का, म्हणून डाफरला.

उठल्याउठल्या गूळ खायची त्याची सवय पलटणीतली. गेली दोन वर्षं त्या सवयीनेच दुखणं झाकून ठेवलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात उलगडा झाला. स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ होती आणि ती भलत्या वेळी इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवत होती. गाठ काढली आणि महिन्याभरात नाथाजी ठणठणीत झाला. म्हशीची सलामी तेवढी बंद पडली.

पुढच्या तपासणीला नाथाजी लेकीला, संयोगिताला तेवढं घेऊन गेला. डॉक्टर समीक्षा म्हणाल्या, “गाठीतल्या पेशींत अकराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला दिसतो. दोष गाठीपुरताच असेल तर विषय मिटला. पण तुमच्या रक्तात जन्मापासून असेल, तर तो मुलीकडे गेलेला असू शकतो. तुमचं रक्त तपासू. घरात आणखी कुणाला असा त्रास?”

“न्हाई,” नाथाजी ठासून म्हणाला. तेवढ्यात संयोगिताने फाईल काढायला पिशवी उघडली आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा टपकन खाली पडला. पोरगी सांगलीतच हॉस्टेलवर राहून शिकत होती. तिने खडा उचलून गुपचूप परत पिशवीत टाकला. नाथाजीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर ह्या माणसाने पोरीला फोन करकरून भंडावून सोडलं. “हात थरथरत्यात का? घाम येतोय का?” सीमेवर कधी न घाबरलेला गडी आता पार हबकला होता. आपण लेकीच्या पदरात काय बांधलं, ह्या विचाराने तो ताटावरून अर्ध्यातच उठायचा, आणि बनुबाईला सांगायची छाती होईना.

रिपोर्टच्या दिवशी तिघंही डॉक्टरांसमोर बसले. “रक्त स्वच्छ आहे. दोष गाठीतच होता, गाठीबरोबर गेला. मुलीला काही धोका नाही.”

“परत बगा, म्याडम,” नाथाजी म्हणाला. “ही बी सकाळी गूळ खाती. पिशवीत ठेवती. म्या बगितलंय.”

संयोगिता हसली. “आबा, तुमी सुट्टीवर आला की पहाटं उसाला पाणी द्यायला मला संगं न्यायचा. खडा फोडून निम्मा मला द्यायचा. हॉस्टेलवर सकाळी लय आठवण येती. म्हून खाते.”

इतके दिवस नाथाजी ज्याला भीत होता, ते लेकीकडे गेलंच नव्हतं. गेला होता तो निम्मा खडा. त्याने हात पुढे केला. संयोगिताने पिशवीतला खडा काढला, टेबलाच्या कडेवर फोडला आणि निम्मा त्याच्या तळहातावर ठेवला.

“हवालदार, आता गुळाची गरज नाही हं तुम्हाला,” डॉक्टर म्हणाल्या.

“ठावं हाय,” म्हणत त्याने तो तोंडाकडे नेला.

बनुबाईने मधेच त्याचा हात धरला. “आवं, इतकी वर्सं घरात गूळ भरतीया कोण? त्यातला निम्मा हिकडं द्या.”